रिकामी महिरप

सकाळच्या भाकऱ्या झाल्या, तवा उतरवला, की हात कोरडे करायचे आणि डोंगराला विचारायला बसायचं, हा गेल्या पावसाळ्यातला माझा नेम. हसू नका. डोंगर तिकडे पोलादपूरच्या वरच्या अंगाला आणि मी इकडे महाडात, लेकीच्या दोन खोल्यांत, जिथून समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाक्यांपलीकडे काही दिसत नाही. तरी विचारायचे. लॅपटॉप उघडायचा, काळा पडदा पुढे आणायचा, लेकीनं शिकवलेली ओळ एका बोटानं टाइप करायची आणि थांबायचं. उत्तर यायचं. माझी थोरली जाऊ त्या डोंगराखाली एकटी राहते. डोंगर हलला असं उत्तर आलं तर घराला कडी लावून खाली येईन, असं तिनं मला कबूल केलं होतं. तेवढ्यासाठी सगळा खटाटोप.

जाऊ म्हटलं की तुम्हाला भांडणं आठवतील. आमचीही झाली, नाही असं नाही. पण मी लग्न होऊन आले तेव्हा मला नाचणी लावता येत नव्हती, आणि सासूच्या नकळत माझ्या वाटची ओळ तिनं लावून दिली होती. ते मी विसरलेले नाही. मी तिला आक्का म्हणते, ती मला धाकटे. दोघींचे नवरे गेले. तिचे मुलगे मुंबईला. माझी एकच लेक, ती इथे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, संगणकाच्या खात्यात. मी लेकीकडे आले. आक्का मुलांकडे गेली खरी, पण गणपतीला म्हणून परत आली ती राहिलीच. म्हणाली, "तिथं खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी. नि ती पण बंद."

तर मूळ गोष्ट दरडीची. काही वर्षांपूर्वी, मी तिथेच राहत होते तेव्हा, आमच्या वाडीच्या वर दरड सुटली. माणूस गेलं नाही, गोठे गेले. मग तालुक्याच्या माणसांनी सगळ्यांना खाली हमरस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडींत आणून ठेवलं. भल्यासाठीच ठेवलं. पण पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे, आणि बायकांना आडोशाला जायचं तर हमरस्ता ओलांडून, ट्रकांच्या दिव्यांतून. आक्काच्या अंगात ताप होता. रस्ता ओलांडताना ती पडली, चिखलात, आणि थांबलेल्या ट्रकातला कुणीतरी हसला. मी तिचा हात धरून होते, म्हणून मला माहीत. त्यावर ती आजवर एक अक्षर बोललेली नाही. शेड सुटल्यावर एवढंच म्हणाली, "आता मेले तरी माझ्या दारात मरेन. त्या पत्र्याखाली नाय."

पुढे शिकणारी काही मुलं आली. इंजिनिअरिंगच्या कॉलेजातली, लेकीच्या ओळखीची. त्यांनी डोंगराच्या अंगात नळ्या गाडल्या, हलल्या की कोन सांगणाऱ्या. पाऊस मोजायचं भांडं बसवलं, आणि शाळेच्या छपरावर एक पेटी, तिला उन्हावर चालणारी पाटी. मोबाइलवर एक ॲप दिलं. डोंगर ठीक असला की हिरवा ठिपका. आक्काला तो ठिपका आवडायचा. म्हणायची, "बेडकाच्या डोळ्यागत दिसतो." त्याच दिवसांत एकदा फणसाखाली बसून आम्ही दोघींनी ठरवलं. मी म्हटलं, "आक्का, तुझं खरं, तू राहा. पण ठिपका लाल झाला तर येशील?" तिनं बराच वेळ फणसाचा चीक बोटांवरून काढला. मग म्हणाली, "त्याचा तो हलला असं बोलला तर येईन. माणसांच्या बोलण्यावर नाय येणार."

मुलं शिकून पांगली. ॲप बंद पडलं. पण लेक म्हणाली, "आई, खालचं सगळं चालू आहे. वरचं दार तेवढं बंद झालंय."

ते काय, हे तिनं मला समजावलं तसं सांगते. आमच्याकडे डोंगराच्या ह्या धारेवरून त्या धारेवर कुकारा घालतात. पलीकडे कोण आहे, काय करतोय, जाताना अमुकच्या घरी निरोप दे, सगळं लांबूनच. तशी ही यंत्रं एकमेकांना लांबून हाक मारून कामं सांगतात. ॲप हा मधला माणूस होता, तो गेला. ज्याला हाक मारायची तो सर्व्हर जागच्या जागी होता, आणि त्याला थेट हाक मारायचं एक हत्यार लेकीकडे होतं. बटण नाही, चित्र नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. एक ओळ टाकली की आत कोण कोण सेवेला आहेत त्यांची नावं येतात. दुसरी टाकली की त्यातला एकेक काय काम करतो, त्याला काय द्यायचं आणि तो काय परत देणार, ते उलगडतं. मग खरी विचारणा. त्याखेरीज एक नुसती चौकशीची ओळ होती, आहेस का म्हणून. तिला मोठ्या इंग्रजी अक्षरांत उत्तर यायचं, सेवेत आहे असं. मी त्याला वाडीच्या बोलीत ‘हाय’ म्हणायचे, म्हणजे आहे. आज ‘हाय’ बोलला, असं.

लेकीला कारखान्याच्या फाटकावर मोबाइल जमा करावा लागतो. बसमधून उतरली की संध्याकाळपर्यंत ती जगाला नाही. म्हणून दिवसाची विचारणा माझ्याकडे आली. इंग्रजी अक्षरं मी तिच्याच पहिलीच्या पुस्तकातून शिकले होते, तिच्याबरोबर बसून. ती पुढे गेली, मी तिथेच राहिले. पण ओळ टाइप करण्यापुरतं पुरलं. एक टिंब राहिलं तर तो चिडायचा, मी परत टाकायचे. दुपारी वेळ जाईना की नुसतीच चौकशीची ओळ टाकून बघायचे. खोटं कशाला सांगू, कुणीतरी लगेच ओ देतं ह्याचं मला सुख वाटायचं.

डोंगराचं उत्तर चार ओळींचं यायचं. कोन, पाऊस, बॅटरी आणि वेळ. कोन कधी अगदी शून्य नसे, दशांशामागे काहीतरी बारीक असायचंच. वर-खाली नक्षीदार कंस. लेक म्हणाली, ह्यांना महिरपी कंस म्हणतात. मला ते फार आवडलं. आमच्या देवळात देवीच्या मागे पितळेची महिरप आहे, दसऱ्याला चिंचेनं घासतो ती. मी मनात म्हटलं, बघ, डोंगराला महिरप केली.

मी ते आकडे फोनवर आक्काला वाचून दाखवायचे. ती म्हणायची, "आकडे तुझ्या लेकीला सांग. हलला की नाय ते बोल."

श्रावण लागला आणि एके सकाळी उत्तरात आकडे नव्हते. नुसते कंस, आत काही नाही. मी घाबरले. चौकशीची ओळ टाकली तर ‘हाय’. परत विचारलं, परत रिकामे कंस. संध्याकाळी लेक दारात चपला काढत होती, अंगाला कारखान्याचा तो वास, आणि मी पाणीही न देता विचारलं.

"अगं आई, शून्य असलं की ते लिहीतच नाहीत. जागा वाचवतात. काही आलं नाही म्हणजे शून्य."

"म्हणजे हलला नाय?"

"नाही हलला. चांगलंच आहे की."

तिचं काही चुकलं नाही. शून्य लिहीत नाहीत हे खरंच आहे. आणि ते ऐकून आमच्या वाडीला पटलं, ते का, तेही सांगते. आमच्या देवळात कौल लावतात. गुरव देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी पडली तर जा, डावी पडली तर जाऊ नको. आणि कोणतीच पडली नाही, तर देवी निजली आहे असं समजायचं, आणि होतास तिथंच थांबायचं. मुक्या देवीपुढे कुणी पाऊल उचलत नाही. पिढ्यान् पिढ्या हेच. त्यामुळे मी फोनवर म्हटलं, "आक्का, आज काहीच बोलला नाही," तर तिनं पटकन म्हटलं, "म्हणजे निजलाय." आणि मला तो शब्द इतका बरा वाटला!

तेव्हापासून आमच्यात ‘निजलाय’ सुरू झालं. मी आक्काला सांगायचे निजलाय, लेकीला सांगायचे निजलाय. तीही दमून आलेली, मान हलवायची आणि ताटावर बसायची. आकडे वाचायला उरलेच नव्हते, तेव्हा कंसांत काय होतं आणि काय नव्हतं हे कोण सांगणार. आक्का ते सगळ्या वाडीला सांगायची. तलाठी गावात आला, पाऊस वाढतोय, म्हातारी माणसं तरी शाळेत हलवा म्हणाला, तर आक्कानं त्याला ओटीवर बसवून चहा दिला आणि सांगितलं, "आमची धाकटी महाडात रोज विचारते. डोंगर निजलाय. तुम्हाला काय जास्त कळतं?" हे तिनंच मला हसत हसत सांगितलं. मीही हसले.

मग तो रविवार. लेक घरी होती. बाहेर पाऊस असा की टाक्यासुद्धा दिसत नव्हत्या. सहज तिनं लॅपटॉप पुढे ओढला, आधीची उत्तरं बघत पडदा वर सरकवत गेली, आणि थांबली.

"आई, बॅटरी कुठाय?"

"नसेल लिहिली. शून्य असेल," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता माझं मलाच ऐकू आलं.

ओळीत लेकीनं एक शब्द वाढवला, शून्यंसुद्धा दाखव असा. आणि महिरप भरली. कोन शून्य. बॅटरी शून्य. वेळेच्या जागी काहीच नाही. पाऊस शून्य. श्रावणात, पोलादपुरात, पाऊस शून्य! मी ते वाचलं आणि खिडकीकडे बघितलं. लेकीनं कंसांवर बोट ठेवलं. म्हणाली, "पेटी मेली आहे, आई. वरून काहीच येत नाही. सर्व्हर जिवंत आहे, तो बिचारा रिकामा निरोप परत पाठवतोय."

मी फोन लावला.

"आक्का, ऐक. यंत्र मेलंय. बरेच दिवस झाले असतील. निजलाय ते खरं नव्हतं."

"मेलं असंल," ती म्हणाली. "वायर लोंबतेय ना कधीची. वानरांनी ओढली."

"तुला माहीत होतं?"

"खाली समोरच तर हाय शाळा."

"मग सांगितलं का नाहीस गो?"

"तू विचारलंस कधी? तू फोन करतेस, निजलाय बोलतेस नि ठेवतेस. मला वाटलं, आता बिनवायरीचं झालं असंल. तुमचं सगळं बिनवायरीचंच असतं."

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू. म्हटलं, "आक्का, आता तरी ये. शेडीत नको, माझ्याकडे ये. लेक गाडी करून येते कशेडीच्या फाट्यापर्यंत."

"हलला असं बोलला का तो?"

"अगं, तो बोलूच शकत नाही!"

"मग आपलं काय ठरलं होतं? हलला बोलला तर येईन." आणि मग जरा नरमाईनं, "नाचणी लावलीय धाकटे. सोडून कुठं येऊ?"

त्यानंतरचा पाऊस महाडातल्या माणसांना वेगळा सांगायला नको. नदी चढली, बाजारपेठेत दुकानदार माल माळ्यावर चढवत होते. कशेडी घाटात माती आली, वाहनं अडकली. वाडीतली बरीच माणसं शाळेत उतरली. आक्का नाही. लेक त्या सकाळी कामावर गेलीच नाही. माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आई, सांग तिला हलला म्हणून. तिची अट तीच आहे ना? सांगून टाक."

मी आक्काशी आयुष्यात खोटं बोलले नव्हते असं नाही, पण अशा गोष्टीत नाही. तरी फोन लावला. आवाज मुद्दाम घाबरा करावाच लागला नाही.

"आक्का, हललाय. आत्ता उत्तर आलं. नीघ तू."

मग ती म्हणाली, "कोण बोललं?"

"यंत्र."

"मेलेलं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मेल्यानं सांगितलं होय गो तुला? वायर अजून लोंबतेय, मी बघतेय हिथून." ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी सावकाश बोलली. "तुझ्यावर भरवसा ठेवून त्या तलाठ्याला मी माघारी पाठवला. निजलाय बोललीस, ते खोटं निघालं. आता हललाय बोलतेस. मी कुठलं खरं धरू?" आणि फोन ठेवला. नंतर किती लावला, उचलला नाही. मग तिकडची वीज गेली, टॉवर गेला.

ते दिवस मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी लॅपटॉपपुढे बसून राहिले. सगळं माहीत असून विचारत राहिले. आहेस का? हाय. डोंगर काय म्हणतो? रिकामी महिरप. पुन्हा. लेकीनं एकदा हळूच झाकण मिटवलं, मी परत उघडलं. काहीच कळणार नव्हतं. पण दुसरं विचारायला होतं कोण?

डोंगर पडला नाही.

इथे मी देवाचे आभार मानावेत असं तुम्हाला वाटेल. मानले. रस्ता सुटल्यावर आक्काचा मुलगा वर जाऊन आला, आई ठीक आहे म्हणाला, आणि परत मुंबईला गेला. नवरात्रात तिनंच फोन केला. जुना राग नव्हता आवाजात, उलट चेष्टा होती. "बघ, निजलाच होता तो. तुझं यंत्र मरून खरं बोललं नि तू जिवंत असून खोटं." देवळातसुद्धा हेच झालं. गुरव म्हणाला, मुकी देवी होती, थांबायला सांगत होती, थांबले ते बरं केलं. जे शाळेत उतरले होते, त्यांची आता वाडीत थट्टा होते. येत्या पावसाळ्यात कोण उतरेल? कुणी नाही. डोंगर पडला असता तर आक्का गेली असती, आणि पडला नाही म्हणून ती आता कधीच निघणार नाही. हे मी कुणाला सांगू? लेकीला सांगितलं, ती म्हणाली, असं बोलू नये आई. खरंच बोलू नये. पण रोज भाकरी थापताना तेच मनात येतं.

दिवाळीत लेक वर गेली, वायर जोडून बघितली. पेटीत मुंग्यांनी घर केलं होतं. ज्या मुलांनी ती बसवली, त्यातला एक परदेशी, एकाचा नंबर लागत नाही. उन्हाळ्यात एके सकाळी मी चौकशीची ओळ टाकली आणि ‘हाय’ आलं नाही. पडदा बराच वेळ थांबला आणि मग लाल अक्षरांत काहीतरी लांबलचक आलं. संध्याकाळी लेकीनं वाचलं. जोडणी होत नाही. सर्व्हर कुणीतरी बंद केला असणार. तिनं नावांची ओळ टाकून बघितली. नावंही नाहीत. घरात कुणीच नाही.

ते मी आक्काला सांगायचं टाळत होते. पण परवा तिनं विचारलंच, "काय म्हणतो तुझा डोंगर?" वैशाख उतरत आला आहे, माळावर राब भाजून झालेत, ती पेरणीच्या तयारीत.

"बंद झालं गो ते. सगळंच. आता विचारायला कुणी उरलं नाही."

"मग मला विचार."

"तुला काय विचारू?"

"हेच. आहेस का म्हणून. रोज विचार, मी हाय बोलेन." आणि पुढे म्हणाली, "नाय बोलले, तर समज, हलला."

हसून बोलली ती. तिच्या मते तिनं माझी अडचण सोडवली.

आता भाकऱ्या झाल्या की हात कोरडे करते आणि फोन लावते. ती फोन तांदळाच्या डब्यात ठेवते, ओल लागू नये म्हणून. घंटा वाजत राहते. मी मोजत नाही, मोजवत नाही. मग डब्याचं झाकण वाजतं, आणि तिचा चिडका आवाज येतो, "हाय, हाय. ठेव."

मी ठेवते. अजून पाऊस लागलेला नाही, टॉवर चालू आहे.